नागोयाची जांभळ्या पट्ट्याची गाडी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पण माझं चुकलं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही!

आमची मनू जपानात, नागोयाला नोकरी करते. तिथलाच केन्जी नावाचा मुलगा तिने पसंत केला. त्याच्या आईवडिलांना भेटायला मी आणि आमची ही, डोंबिवलीहून थेट जपान! आणि मुलाचे वडील कोण? तिथल्या भुयारी रेल्वेचे निवृत्त मोटरमन. मनूने बजावलं होतं, "बाबा, यांच्यात उशीर म्हणजे अपमान. तीनच स्टेशनं आहेत. मी पुढे जाऊन फलाटावर थांबते."

गाडीचं मला शिकवते? अहो, रोज लोकलने ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोकरीला जाण्यात जन्म गेला माझा! डोंबिवलीहून ठाण्याला जायचं तर आधी उलटं कल्याणला जायचं. गाडी तिथून सुटते, आरामात बसून येता येतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं.

जांभळ्या पट्ट्याची चकचकीत गाडी आली. बसायला जागा नाही.

"ही सोड," मी हिला म्हटलं. "पलीकडची पकडू."

"अहो, ती उलट जाते!"

"जाऊ दे ना. शेवटच्या स्टेशनात वळेल. आपण उठायचंच नाही."

कोपऱ्यातली जागा मिळाली. काय ती मऊ गादी! स्टेशनं येत होती, जात होती. लोक उतरत होते, चढत होते. गाडी काही रिकामी होईना.

"शेवटचं स्टेशन कधी येणार हो?"

"जपान मोठा देश आहे."

बऱ्याच वेळाने एका स्टेशनात दार उघडलं, तर समोर मनू! शेजारी केन्जी आणि त्याचे आईवडील.

"बाबा, उतरा!"

ही उठली. मी तिला पदर धरून खाली बसवलं. गाडी अजून वळलीच नाही, तर उतरायचं कसं? जागा जाईल ना!

"वळून येतो गं!" मी हात हलवला. दार लागलं. होणारे व्याही बिचारे जाणाऱ्या गाडीला वाकून नमस्कार करत राहिले.

तीन स्टेशनांनी आम्ही परत निघालो तिथेच हजर! ही माझ्याकडे बघत होती. मी जाहिरात वाचत होतो. जपानी.

मनूचा फोन आला. "बाबा, ती गाडी गोल फिरते! तिला शेवटचं स्टेशनच नाही!"

"मग तसं लिहून ठेवायला काय होतं?"

"लिहिलंय!"

"मराठीत?"

शेवटी सरळ गाडीने, उभ्याने पोचलो. मनूचे डोळे भरले होते. लग्न मोडतंय की काय, असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगतो, मलाही. पण माघार नाही! कल्याणचा सगळा हिशेब मी व्याह्यांना समजावला. मनू मान खाली घालून भाषांतर करत होती.

व्याह्यांनी गंभीरपणे ऐकलं. मग कमरेत वाकले.

"ते म्हणतायत," मनू कशीबशी म्हणाली, "इतकी वर्षं गाडी चालवली, पण तुमच्यासाठी ती वळवून ठेवता आली नाही. क्षमा असावी."

"असू दे, असू दे," मी म्हटलं. लग्न ठरलं!

परतताना व्याही स्वतः सोडायला आले. तीन स्टेशनं माझी बाही सोडली नाही त्यांनी. बसवलं मात्र! कुठे? म्हातारे, आजारी आणि गरोदर बायका यांच्यासाठी राखीव जागेवर.

पण बसून आलो की नाही, सांगा!