घोडेतोंड्याच्या खोलीत माझा फोटो

चहा जरा बाजूला ठेवा, नाहीतर ठसका लागेल. कारण कुवेतमध्ये असताना मी दीड महिना मेलेला होतो. कागदोपत्री नव्हे हो! चांगला देवाच्या दप्तरी! आणि अर्ज मीच केला होता, स्वतःच्या हाताने, फोटोसकट.

तेव्हा मी एसी मेकॅनिक. सालमियात एका खोलीत पाच जण राहायचो, सगळे कोकणातले, सगळे 'बॅचलर'. म्हणजे लग्न झालेले, पण बायका गावी. माझी सुनंदा कुडाळजवळच्या गावात, आणि अडीच वर्षांची चिऊ. पोर मला फोनवर 'काका' म्हणायची. हसताय? फोन ठेवला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचो. त्या दोघींचा व्हिसा व्हावा, एवढं एकच मागणं होतं माझं.

आणि कुवेतात काहीही मागायचं तर काय लागतं? पासपोर्ट साइज फोटो! इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना हवा, फोटो. लायसन्स हवं, फोटो. साधा गेटपास हवा, फोटो. माझ्या खिशात कायम सहा असायचे, मागे नाव आणि सिव्हिल आयडीचा नंबर लिहिलेले. हे लक्षात ठेवा.

सुलैबियाला चिनी कामगारांच्या कॅम्पमध्ये आमचं एसीचं काम होतं. तिथल्या लिन नावाच्या म्हाताऱ्या सुताराने तीन पोर्टाकॅबिन, म्हणजे पत्र्याच्या तयार खोल्या, एकामागे एक जोडून आत देऊळ उभं केलं होतं. बाहेरून बघाल तर सिमेंटची गोदामं. देव सगळे लाकडाचे, त्याच्याच हातचे.

एका दुपारी धुळीचं वादळ उठलं. दोन वाजता आकाश आधी पिवळं, मग विटकरी, मग काही दिसेचना. माणसं साइटवर, कॅम्प रिकामा. आणि मला देवळातला एसी बघायला सांगितलेलं.

दारावर दोन तलवारवाले रंगवलेले, डोळे वटारून. म्हटलं, द्वारपाल. आपलीच पद्धत! चपला काढल्या. पहिल्या खोलीत काठी घेतलेला पांढऱ्या दाढीचा हसरा आजोबा, जमिनीचा राखणदार. मधल्या खोलीत तीन दाढीवाले सिंहासनावर, शांत, अर्धे डोळे मिटून. त्यांनाही नमस्कार केला.

तिसऱ्या खोलीचा पडदा सारला आणि माझे पाय थबकले.

आत एक लाल बल्ब. एसी बंद, तरी गार. बाहेर पत्र्यावर वाळू तडतडत होती, आत उदबत्तीचा धूर सरळ उभा. समोर काळ्या तोंडाचा देव बसलेला, एका हातात लिहायचा कुंचला, दुसऱ्यात वही. डावीकडे बैलाच्या डोक्याचा माणूस, उजवीकडे घोड्याच्या डोक्याचा, हातात साखळी. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी जिथे सरकेन तिथे त्या घोडेतोंड्याचे डोळे माझ्या मागे यायचे. मी रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्या ओळीत अडकलो.

मग बघतो तर देवाच्या पायाशी सात-आठ फोटो मांडलेले. सगळे पासपोर्ट साइज! पुढे उदबत्त्या, संत्री.

माझी भीतीच पळाली. अहो, हातात पेन आणि समोर रजिस्टर असलेला माणूस म्हणजे कोण? साहेब! कामं करणारा! आणि हे फोटो म्हणजे कामगारांचे अर्ज! एकाही फोटोला हार नाही. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या फोटोला हार असतोच की नाही? मग ही सगळी जिवंत माणसंच, नाही का?

मी खिशातून माझा फोटो काढला, रांगेत शेवटी उभा केला, हात जोडले आणि म्हटलं, "देवा, बायको-पोरीचं नाव तुझ्या वहीत लिही."

नशीब, त्या दोघींचे फोटो खोलीवर राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मला कंपनीने अहमदीला पाठवलं, कॅम्पवर दुसरा माणूस गेला. आठवड्याने मी परत आलो. गेटात दोन ओळखीचे चिनी दिसले. "काय रे, कसे आहात?" म्हणून हात केला, तर एकाच्या हातातला वाडगा खाली पडला आणि दुसरा पळत सुटला. कोणी नजर देईना. मी पुढे गेलो की मागची कुजबुज थांबायची.

तडक देवळात गेलो. माझा फोटो फ्रेममध्ये! पुढे भाताचा वाडगा, त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या. शेजारी कागदाचा केलेला छोटा एसी.

"सदीक! दोस्त!" मागून लिनचा घोगरा आवाज आला. त्याने लांबूनच काडीने माझ्या दंडाला टोचून बघितलं. "तुम खलास नहीं?"

"मैं क्यों खलास? ये फोटो किसका है?"

"ये सब खलास नफर, मरा हुआ आदमी." त्याने एकेका फोटोवर बोट ठेवलं. "ये ऊपर से गिरा. ये हार्ट. तुम... हम बोला, करंट लगा. ये कागज का एसी तुमको ऊपर काम आएगा."

आता कळलं! बैलतोंड्या नि घोडेतोंड्या हे यमदूत, आणि तो साहेब मेलेल्यांचा हिशेबनीस!

मी फोटोकडे झडप घातली. लिन आडवा आला. असा उचलायचा नाही म्हणे, देवाला विचारून. त्याने दोन लाकडी तुकडे दिले, काजूगराच्या दोन पाकळ्यांसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही सपाट पडले तर देव हसतोय. दोन्ही फुगीर, तर नकार.

अहो, हा तर कौल! कोकणातल्या माणसाला हे काय नवीन? मी छाती पुढे काढून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा! ह्यां तुझां लेकरू तुझ्या दारात उभां रवला हा! काय चूकभूल झाली आसात ती पायाखाली घाल, आणि माझो फोटो माका परत दी रे म्हाराजा! व्हय म्हाराजा!"

टाकले. दोन्ही सपाट. देव हसला.

पुन्हा गाऱ्हाणं, आणखी लांब, नारळ कबूल केला. देव हसला. तिसऱ्या वेळी दाराशी जमलेले चिनीसुद्धा माझ्याबरोबर "व्हय म्हाराजा!" ओरडले. दोन्ही फुगीर!

लिनने हात झटकले. "आज माफी. नहीं देगा." तिकडे 'माफी' म्हणजे 'नाही', क्षमा नव्हे!

मग काय विचारता! त्यानंतर सालमियाची बस माझ्यासमोरून न थांबता जायची. मॉलचा काचेचा दरवाजा मी उभा असून उघडायचा नाही. खोलीवर एकदा चारच ताटं वाढली! "माझं?" म्हटलं तर खोलीतला कदम म्हणाला, "अरे, तू होतास होय?" मी रोज आरशात श्वास सोडून काचेवर वाफ येते का बघायचो.

आणि त्यातच व्हिसा झाला! आनंद मानू की बोंब मारू? देवाने काम केलं, पण मोबदल्यात मला ठेवून घेतलं असलं तर? माझी पोर बापाला भेटायला येणार आणि बाप फ्रेममध्ये!

विमानतळावर चिऊने माझं बोट धरलं. गरम, चिकट, खरं बोट. मी सगळ्यांदेखत रडलो. मग सुनंदाला सगळं सांगितलं. ती शुक्रवारी नारळ घेऊन म्हणाली, "चला, दाखवा खंय आसा तुमचो देव."

तिसऱ्या खोलीत मी दाराशीच थांबलो. घोडेतोंड्या माझ्याकडेच बघत होता. सुनंदाने पदर खोचला, पुटपुटत काहीतरी विचारलं आणि तुकडे टाकले. एक सपाट, एक फुगीर. पहिल्याच फटक्यात होकार! लिनने फोटो काढून माझ्या हातात दिला, तेव्हा कुठे माझ्या पायांत रक्त आलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, "मी तीन-तीन गाऱ्हाणी घातली, तरी देव हसत होता. तू असं काय विचारलंस?"

"मी इतक्यांच इचारलंय," सुनंदा म्हणाली, "म्हाराजा, माझ्या घोवाक अक्कल नाय म्हणान ह्यां झालां, होय मां?"