फोकस डोंगरावर

फोकसभाऊ कॅमेऱ्याशी भांडायचे, तेही भर रस्त्यात. "अगं भवाने, डोंगर काय बघतीस? पाखरू बघ, पाखरू!" पवनानगरच्या एसटी थांब्यावरची माणसं हसायची. भाऊ त्यांच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत.

भाऊ आमचे शेजारी. उभा जन्म लग्नाचे फोटो काढले. कुणी हललं की ओरडायचे, "हलू नका, फोकस जातोय!" नाव त्यातूनच पडलं. माझ्या लग्नात त्यांनी सासूबाईंनाही दटावलं होतं. तेवढ्यावरच त्यांच्यावर माझा जीव जडला. पुढे मोबाइल आले, स्टुडिओ बसला, आणि भाऊ पाखरांमागे लागले. पाखरं कुणाच्या ओरडण्याला भीक घालतात होय?

गावामागच्या कड्यावर ससाण्यांची जोडी होती. तोच कडा फोडून बंगले बांधायचं ठरलं. अर्धं गाव खूश, अर्धं गप्प. एकटे भाऊ कडा वाचवा म्हणायला वनखात्याच्या साहेबांकडे गेले, सोबत मी. भाऊंनी टेबलावर फोटो ठेवला. निळं आभाळ, पसरलेले पंख, डोळ्यातली चमकसुद्धा स्पष्ट. साहेब म्हणाले, "आभाळ कुठलंही असेल. हा तुमच्याच कड्यावर राहतो कशावरून? पक्षी आणि कडा एकाच फोटोत आणा, मग बघू."

झालं! मागे मोकळं आभाळ असलं की ऑटोफोकस पाखराला नीट धरायचा. मागे खडक आला की मेला खडकालाच चिकटायचा.

"भाऊ, हातानं फोकस करा की," मी म्हटलं.

"मोतीबिंदू दिसू देतोय कुटं?"

"मग आधी ऑपरेशन करा."

"तवर सुरुंग लागतील गं. पयलं पाखरू, मग डोळं."

सबंध हिवाळा ते कड्याखाली बसले. ससाणा कपारीतून सुटायचा, भाऊ बटण दाबायचे. फोटोत खडकाची भेग न् भेग लख्ख, आणि पाखराच्या जागी करडा फराटा. "हिला बी बिल्डरावानी डोंगरच दिसतोय," एकदा म्हणाले. हसले मात्र नाहीत.

त्यातल्या त्यात बरा फोटो घेऊन आम्ही पुन्हा गेलो. साहेबांनी तो उभा-आडवा धरून पाहिला. "हा कावळाही असू शकतो हो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कावळा म्हणे! कधी मान वर करून पाहिलंय का यांनी?

उन्हाळ्यात सुरुंग लागले. ससाणे गेले. भाऊंनी कॅमेरा पिशवीत घातला तो कायमचाच. डोळ्यांचं ऑपरेशनही केलं नाही. "आता बगायचं काय ऱ्हायलंय?" म्हणायचे. तसेच गेले. मूलबाळ नव्हतं, म्हणून त्यांचे फोटो माझ्याकडे आले.

परवा त्या बंगल्यांच्या ऑफिसातला एक जण दारात आला. भिंतीवर लावायला त्यांना जुन्या कड्याचा फोटो हवा होता. साहेबांनी कावळा ठरवलेला भाऊंचा तोच फोटो हातात घेऊन तो खूश झाला. "वा, काय शार्प आलाय कडा! फक्त मधे हा डाग आहे. तो आम्ही काढून टाकू."

मी फोटो त्याच्या हातातून ओढून घेतला. म्हटलं, "तो तुम्ही कधीच काढलाय. निघा आता."