जांघेतलं इंजेक्शन की मांडीतलं

बायको गेली तेव्हापासून मी देवीशी बोलणं सोडलं होतं. दारव्हा ते यवतमाळ जीप चालवतो. लेकीचा डबा, शाळा, कबड्डी, सगळं फेऱ्यांच्या मधेच बसवलं. त्याच कबड्डीत तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, तेव्हा मनात आलं, घे, आता हेही घे!

यवतमाळच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. ऑपरेशननंतर फार दुखू नये म्हणून नस बधिर करणारं इंजेक्शन देतात, ते दोन जागी देता येतं, म्हणाल्या. जांघेत दिलं तर दुखणं चांगलं दबतं, पण मांडीची ताकद जाते, दुसऱ्या दिवसापर्यंत पाय भार घेत नाही. मांडीच्या मध्यावर दिलं तर ताकद बरीच राहते, मात्र गुडघ्याच्या मागं ठणकू शकतं. "दोन्ही चालतात. विचार करून सांगा."

मी काय कपाळ विचार करणार? पोर कण्हलेली मला पाहवत नाही, म्हणून जांघेतलं बरं वाटायचं. पण पाय लुळा पडणार म्हटलं की तेही नको वाटायचं. शेवटी आवारातल्या देवीच्या ठाण्यावर गेलो आणि दोन फुलं पाण्यात भिजवून मूर्तीला लावली. उजवं पडलं तर जांघेत, डावं पडलं तर मांडीत. बसलो बापा वाट पाहत! एकही हलेना. "आता तरी बोल ना माय," मी चिडूनच म्हणालो.

"कायचं फूल लावून राह्यले भाऊ?" मागून कोणीतरी विचारलं. लेकीच्या बाजूच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिची ही सून, बंजारा तांड्यावरची. मी सगळं सांगितलं.

"देवीले इचारलं, डाक्टरले इचारलं. पोरीले इचारलं का?"

नव्हतं विचारलं. तिची काळजी करता करता ते सुचलंच नव्हतं.

आम्ही खाटेपाशी गेलो. विचारलं तर लेकीनं माझ्याकडे पाहून चादर तोंडावर ओढली. "जा, चहा पिऊन या तुमी," म्हणत बाईनं मला बाहेर पिटाळलं. परतलो तर लेकीचे डोळे लाल, पण चेहरा मोकळा. बाईच बोलली, "दुखलं तर सोशीन म्हंते. पण संडासले बापानं न्यायले नोको. आपल्या पायानं जाईन म्हंते. मी हाओ ना इथं, मले तिची याडीच समजा." त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

मी मान खाली घातली. पोर मोठी झाली होती, आणि हे बापाला कसं सांगणार होती बिचारी?

डॉक्टरीणबाईंना मांडीतलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झाल्यावर संध्याकाळी गुडघ्यामागं ठणका लागला, वरून गोळी द्यावी लागली, लेक ओठ दाबून पडून राहिली. मग सिस्टरनं गुडघ्याचा पट्टा आवळला, वॉकर पुढं केला. मी उठलो तशी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा." एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला ती याडी. पाय थरथरत होता, पण त्यानं भार घेतला. तिघी आत गेल्या, दार लागलं, आणि मी तिथंच खाटेवर बसून लहान लेकरासारखा रडलो.

सकाळी म्हातारीला सुट्टी झाली, त्या दोघी गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. दवाखान्यात बाया एकमेकींना धरतातच, त्यात देवी कुठून आली, असं कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. लेकीचं सगळं मीच करीन, हा हट्ट मी एवढी वर्षं धरून बसलो होतो. जे बापाच्या हातानं होण्यासारखं नव्हतं, त्यासाठी त्या माउलीनं दुसरे हात पाठवले. मला फक्त खाटेवर बसून राहायचं होतं, आणि तेवढं मी केलं.