रूथमावशींचा नवस

चांगली बातमी सांगितली की रूथमावशींचा चेहरा कडक व्हायचा. माझं ग्रीन कार्ड मंजूर झालं तेव्हा मी नाचतच त्यांच्या प्लेनोतल्या घरी गेले होते. "कार्ड हातात आलंय?" त्यांनी विचारलं. "नाही, पण अप्रूव्ह झालंय!" "मग तोंड बंद ठेव," म्हणत त्यांनी मला भेंडी चिरायला बसवलं. तेव्हा राग आला होता. आता मावशी रेडमंडला लेकीकडे राहायला गेल्यात, आणि असं दटावणारं माणूस जवळ नाही याचं वाईट वाटतं.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. माहेर रेवदंड्याचं, नोकरी उभा जन्म अमेरिकेत नर्सची. आमच्या मराठी मंडळात कुणी "ड्राइव्ह करतो" म्हटलं की "चालवतो म्हण" म्हणून टोकायच्या, आणि स्वतः हॉस्पिटलच्या गोष्टी सांगू लागल्या की निम्मं इंग्रजी. त्यांची बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला. तिचा नातू डॅनी ओलीस धरला गेला, तेव्हापासून मात्र मावशींनी कुणाला टोकलं नाही.

त्यांच्या समोरच राहायची हुदा, पॅलेस्टिनी, औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. तिचा धाकटा भाऊ इस्रायलच्या तुरुंगात खटल्याशिवाय डांबलेला. पूर्वी या दोन घरांत कोथिंबीर आणि ऑलिव्हची ये-जा असायची. युद्ध सुरू झालं आणि ती थांबली. भांडण झालं नाही, हेच मला जास्त वाईट वाटायचं. तरी हुदा ड्यूटीवर असली की तिचे कचऱ्याचे डबे मावशीच रस्त्यावरून आत ओढून ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "कचऱ्याचा आणि युद्धाचा काय संबंध?"

मग एके दिवशी युद्धविराम ठरला. ओलीस आणि कैदी यांची अदलाबदल होणार होती. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांच्या आणि जोडलेल्या हातांच्या इमोजींचा पूर आला. आमचे देशपांडेकाका, रिटायर्ड हार्ट स्पेशालिस्ट, शेजारच्या अर्विंग गावाहून पेढे घेऊन थेट मावशींच्या दारात हजर.

"काँग्रॅच्युलेशन्स, मावशी! सुटला तुमचा डॅनी!"

मावशी दार अडवून उभ्या राहिल्या. "तुम्ही पाहिलंत त्याला?"

"अहो, डील साइन झालंय!"

"सही झालीय. पोरगा आलेला नाही." पेढे परत गाडीत गेले. काका दुखावले, पण आम्हा सगळ्यांचंच चुकलं होतं. पास झाल्याचे पेढे वाटावेत तसं आम्ही वागलो होतो.

पुढचे दिवस मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जात होते. टीव्ही चालू असायचा आणि मावशी एकच कढई पुन्हा पुन्हा घासत असायच्या. समोरच्या खिडकीत हुदा उभी दिसायची. दोघी एकमेकींना पाहायच्या आणि मान वळवायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "नवस बोललात का?"

"बोलले. काय ते विचारू नकोस."

त्यांच्यात नवस फेडायला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. मला वाटलं, आता डॅनी आला की मलिदा खायचा.

जिवंत परतलेल्यांत डॅनी नव्हता. तो ओलीस असतानाच कधीचा वारला होता. बहिणीचा फोन मावशींनी उभ्यानेच ऐकला आणि "हो" एवढंच म्हणाल्या. हुदाचा भाऊ त्याच दिवशी सुटून तिकडे आपल्या गावी, घरी पोचला. तिच्या खिडक्यांचे पडदे मात्र बंदच राहिले. ना पाहुणे, ना हसण्याचा आवाज. ती कुणासाठी गप्प होती हे आम्हाला कळत होतं.

आम्ही भेटायला गेलो तर मावशी ओट्याशी नारळ खवत होत्या. बाजूला पोहे भिजत होते.

"मावशी, आता कसला मलिदा?" देशपांडेकाका हळूच म्हणाले.

"नवस दोन पोरांचा बोलले होते. एक आला ना घरी?"

"पण तो तर त्यांचा..."

"हुदाचा भाऊ आहे तो," मावशी म्हणाल्या आणि खवलेलं खोबरं पोह्यांवर घातलं.

ताट घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. मी मागोमाग. हुदाने दार उघडलं, ताट पाहिलं आणि मागे सरकली. "आंटी, आय कान्ट. हाऊ कॅन आय ईट धिस?"

"खा," मावशी मराठीतच म्हणाल्या. "नवसाचं आहे. नाही म्हणायचं नसतं."

हुदाने चिमूटभर तोंडात घातलं. तेव्हा मावशी तिच्या पायरीवर बसल्या, आणि डॅनीसाठी पहिल्यांदा रडल्या.