सरवरवरची कॉपी

आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कला समदे तोंडावर भाऊसाहेब म्हनायचे अन् पाठीमागं 'बघून येतो'. मानूस खुर्चीत टेकला की खुर्चीलाच खाज सुटल्यासारखा उठायचा. "कपाटाला कुलूप लागलं का, बघून येतो." "मोटर बंद केली का, बघून येतो." कर्जतच्या स्टँडवर पावनं सोडाया गेले, तर गाडी सुटल्यावर मागं दहा पावलं पळायचे, पावना बसलाय का बघाया.

मी तिथं रोजंदारीवर शिपाई. माझं शिक्षान म्हंजी घंटा. वाजवायचो मी, शिकायचे दुसरे.

भाऊसाहेबांचा खरा जीव टपालात. कागदाच्या न्हाई, काम्पुटरच्या. हापिसात बघितलेलं टपाल घरच्या काम्पुटरवर परत बघायचे. मी एकदा इचारलं, "साहेब, एकदा काढलेलं पत्र दुसऱ्यांदा कसं निघतं?"

"हा पोस्टमन येगळा हाय," ते म्हनले. "पत्र आपल्याला देतो अन् तसलंच एक पिशवीत ठिवतो. पर आपन सांगितलं तरच. ही टिक दिसती का? ही काढली, की पत्र हितं येतं अन् तिकडली पिशवी, म्हंजी सरवर, रिकामी."

मग बोट लावून मोठ्यानं म्हनायचे, "सरवरवर कॉपी ठिवा. टिक हाय." रोज. देवाला हात जोडावा तसं. पंधरा दिवस झाले की ती कॉपी आपोआप पुसायचं बी लावून ठिवल्यालं. म्हनायचे, "पावना अन् टपाल लई दिस ठिवू न्हाई. पेटी फुगती, मग नवं टपाल दारातनंच माघारी जातं."

मला त्यांनी येवढंच शिकिवलं हुतं, सकाळी काम्पुटरचा डबा चालू करायचा अन् टपाल आनायचं बटन दाबायचं.

बारावीची परीक्षा चालू हुती. भाऊसाहेबांना बायकोच्या डोळ्यासाठी नगरात सावेडीला जायचं हुतं. निघताना चार बारी मागं फिरले. "आरं, सुरेखाचं पत्र येनार हाय. तू निस्तं बटन दाब. मी सांजच्याला घरी बघतोच."

सुरेखा म्हंजी आमचीच आदल्या वर्साची पोरगी. नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला अर्ज केलेला. आईबापासंगं ऊसतोडीला संगमनेरकडं गेल्ती. फोन निस्ता मुकादमाकडं, म्हनून मुलाखतीचं पत्र कॉलेजच्या मेलवर येनार हुतं.

ते गेले अन् फाटकात जीप थांबली. भरारी पथक! खिडक्यांतनं चिठ्ठ्या पडाया लागल्या, जशी चिंच झोडपावी. माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या भाऊसाहेबांच्या डब्यात तर कॉपी हाय! सरवरवर! रोज मोठ्यानं म्हनत्यात!

पळत गेलो. वाचता येत न्हाई, पर त्यांचं बोट कुठं टेकायचं ते पाठ हुतं. टिक काढली. खरंच गेली का म्हनून टपालाचं बटन बी दाबलं. पाच-सा पत्रं आली. मग छाती फुगवून पथकाच्या बाईंपुढं हुबा ऱ्हायलो. म्हनलं, "म्याडम, आमच्याकडं काय बी सापडायचं न्हाई."

बाई म्हनल्या, "प्यायला पाणी मिळेल का?"

दुपारी लाईट गेली अन् दनका देऊन परत आली. डब्यातनं धूर निघाला.

दुसऱ्या दिशी भाऊसाहेब दारातनंच, "काल टपाल आलं हुतं का?"

"पाच-सा हुती की."

"मग माझ्या घरी एक बी कसं न्हाई?"

"कॉपी काढून टाकली साहेब. पथक आलं हुतं."

"कसली कॉपी?"

"सरवरवरची."

ते पयल्यांदा हसले. मग तोंड पांढरं पडलं. "आरं मर्दा, मुलाखत कधी हाय ते त्यातच हुतं!"

डबा मांडीवर घिऊन मी त्यांच्या मागं गाडीवर बसलो अन् नगर गाठलं. दुरुस्तीवाला म्हनला, "डिस्क जळाली, यातलं काही निघणार नाही." तसंच दवाखान्यात गेलो. तिथल्या क्लार्क बाईंनी ऐकून घेतलं अन् म्हनल्या, "अहो, आम्ही पाठवलेल्या पत्राची कॉपी आमच्याकडं असतेच की."

माझ्या तोंडातनं गेलं, "तुमच्याकडं पथक येत न्हाई का?" भाऊसाहेबांनी असा चिमटा काढला, की वळ अजून दावीन.

मुलाखत दुसऱ्याच दिशी अकराला. मुकादमाला फोन लावला. दुसऱ्या दिशी आमी दोघं नऊपासनं दवाखान्याच्या फाटकात. भाऊसाहेब रस्त्यापर्यंत जायचे, यायचे, परत जायचे. त्यांचं बघून माझं बी पाय ऱ्हाईनात. पावनेअकराला रिक्षातनं सुरेखा उतरली. हातावर उसाच्या पाचटाचे चरे. आत गेली. दुपारी बाहेर आली ती रडतच. पर तिला घेतलं हुतं.

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. भाऊसाहेबांनी लिवलं, टिक माझ्या हातनं निघाली. मी म्हनलं, "साहेब, मी खरं सांगतो."

"गप ऱ्हा. रोजंदारीवरनं तुला काढाया त्यांना टिक बी लागत न्हाई."

त्यांच्या गोपनीय अहवालात शेरा बसला, कामात निष्काळजी. त्या मानसाला! कुलूप तीन बारी वढनाऱ्याला! दोन वर्सांनी ते रिटायर झाले, लेकाकडं सावेडीला गेले.

यंदा मी कायम झालो. तवापासनं बुड टेकंना. प्राचार्यांच्या दारापर्यंत जायचो, पान्याचा जग ठिवून माघारी यायचो. आता प्राचार्य बी नवे. गेल्या सोमवारी मातर सांगून टाकलं, "साहेब, भाऊसाहेबांचा शेरा माझा हाय. मला द्या."

ते म्हनले, "अरे, ते रिटायर झाले. फाईल बंद. आता शेरा कसा निघेल?"

भाऊसाहेबांना फोन लावला, समदं सांगितलं. ते लई येळ हसत हुते. "ऱ्हाऊ दे रं," म्हनले, "उभ्या नोकरीत लोकांना सांगावी अशी तेवढीच एक गोष्ट हाय माझ्याकडं. ती बी पुसाया निघाला व्हय?"

मी जलमभर लोकांना हसिवलं. त्या दिशी मातर फोन कानाला तसाच, अन् मला काय हसाया येईना.