मुक्कामांचा नकाशा

साताऱ्याच्या कालवे खात्यात मी नकाशे काढायचो. पाट कुठून निघतो, कुठल्या ओढ्यावर मोरी येते, कुठल्या गावची शीव कुठं वळते, सगळं शाईनं ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचं. माझा हात चांगला होता. हे मीच सांगतो, कारण दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नाही. सही साहेबाची व्हायची आणि सही झाली की नकाशा कपाटात जायचा. आपलं एक तरी काम कपाटाबाहेर चार माणसांच्या उपयोगी पडावं, एवढी एकच हाव मला होती.

म्हणून दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत सांगलीहून निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. विश्रामबागेच्या बाजूला मिशनच्या एक बाई राहायच्या. तीस वर्षं इथं काढलेल्या, केस पिकलेल्या. खेड्यातल्या माणसाला कळेल अशा मराठीत त्या बायबलचा काही भाग नव्यानं उतरवत होत्या, आणि पुस्तकाच्या शेवटी त्यांना बायबलातल्या मुलखाचा नकाशा हवा होता. "आता बाटणार वाटतं," म्हणून कचेरीतले लोक चिडवायचे. बायको म्हणाली, "तुम्हाला कोण बाटवतंय? पोहे खाल्ल्याशिवाय तुम्ही देवळातसुद्धा जात नाही."

तीन रविवार खपून मी नकाशा काढला. अक्षांश-रेखांश, मैलांची पट्टी, उत्तरेचा बाण, डोंगरांच्या बारीक रेघा आणि गावंच गावं. सरकारी शाईचा थेंब वापरला नाही. बाईंनी तोंडभर स्तुती केली आणि म्हणाल्या, "आता आपल्या परीक्षकांना दाखवू या."

त्यांच्या कामाची रीत मला तेव्हा कळली. मजकूर कितीही सुंदर उतरला तरी तो आधी न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचा, आणि त्यानं तो स्वतःच्या तोंडानं परत सांगायचा. सांगता आला तर ठीक, नाहीतर पुन्हा लिहायचा. नकाशालाही तोच नियम. कळला नाही तर पुस्तक नकाशाविनाच छापायचं. परीक्षक म्हणजे पूर्वेच्या दुष्काळी भागातला एक म्हातारा धनगर. दिवाळीनंतर तो मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि दुपारी बाईंच्या ओसरीवर ऐकायला यायचा.

त्यानं नकाशा पाहिला. "लय ब्येस हाय," म्हणाला. "पर सायेब, ह्यात पानी कुटं हाय?"

मी नदी दाखवली, सरोवर दाखवलं.

"त्ये न्हाई. वाटंवरचं पानी. हिरी कुटं, उतरायचं कुटं? ह्या गावास्नं त्या गावाला किती मुक्काम?"

मी मैलांच्या पट्टीवर बोट ठेवलं. त्यानं पट्टी बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि कीव आल्यासारखी मान हलवली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत नकाशा गुंडाळला आणि बाईंचा चहाही न घेता स्टेशन गाठलं. कराड मागं पडेपर्यंत मी त्या म्हाताऱ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. मग ध्यानात आलं, तो मुलूख मी तरी कुठं पाहिला होता? त्यानंही पाहिला नव्हता, पण त्यातून चालायचं कसं हे विचारायचं त्यालाच सुचलं. मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी नाक मुठीत धरून परत गेलो. बाईंनी जाडजूड पुस्तकं काढली. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलेल्या विहिरी, उतरायच्या जागा, चढ-उतार त्या वाचत गेल्या आणि मी मांडत गेलो. गावं दहा-बाराच ठेवली. एका दिवसाच्या चालीला एक ठिपका.

दुपारी म्हातारा आला. उत्तरेकडच्या नासरेथवर मी त्याचं बोट ठेवलं आणि खाली दक्षिणेला बेथलेहेम दाखवलं. शिरगणतीत नाव नोंदवायला नाताळच्या कथेतले ते नवरा-बायको इथून तिथं गेले, ही गोष्ट त्यानं बाईंकडून चार-पाचदा ऐकली होती, न अडखळता परत सांगितलीही होती. आता त्याचं बोट ठिपक्या-ठिपक्यानं निघालं. एक मुक्काम. दोन. तीन. चौथ्यावर ते थांबलं.

"आवं मडमबाई, तिचं दिवस भरल्यालं हुतं न्हवं?"

"हो," बाई म्हणाल्या.

"आन् येवढं चालवली तिला? म्या आपलं समजत हुतो, शेजारच्या गावाला गेली. आमची बी अशीच चालली हुती मेंढरांमागनं. थोरला वाटंवरच झाला."

बाईंचे डोळे भरून आले. "तीस वर्षं मी ही गोष्ट वाचते आहे," त्या म्हणाल्या, "पण ती किती चालली, हे मी कधी मोजलं नाही."

नकाशा पास झाला, हे कुणी सांगायला नको होतं. कचेरीत एवढी वर्षं काढली, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

म्हातारा मात्र अजून चौथ्या ठिपक्यावरच होता. "हितं झाड हाय का?"

बाईंनी पुस्तकं चाळली. झाड कुठंच नव्हतं.

"मग काडा की येक. टेकाय नगं का तिला?"

जमिनीवर नाही ते कागदावर काढायचं नाही, ह्या एका नियमावर माझी नोकरी उभी होती. मी बाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मजकुरात मला झाड घालता येणार नाही. नकाशा तुमचा आहे."

मी टाक बुडवला आणि एक बाभळ काढली. दुसरं झाड मला नीट येत नव्हतं. म्हातारा वाकून बघायला लागला.

"हात लावू नका," मी म्हणालो, "शाई वाळू दे."

"वाळू द्या की," तो म्हणाला. "तवर ती बी बसंल जरा."