खाली घातलेली मान

किसनदादांनी मला जगवलं, हे आधी लिहितो, बाकीचं नंतर. कळमनुरीजवळच्या तांड्यावर ते तापानं गेल्याचं माझ्या भावाचं कार्ड इथं जबलपूरला आलं, त्याला तीन आठवडे झाले. माझी शाळा सहावीतच सुटली. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं निजामी मुलखातले. कनेरगावचा नाका ओलांडला की इंग्रजी मुलूख. बोली जवळचीच, तरी आमच्यासाठी तो परदेश. आमच्याकडं पंगतीत दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि वाढणाऱ्यानं तिसऱ्यांदा वाढायचंच, अशी रीत. तिथल्या शाळेच्या वसतिगृहात पहिल्या ‘नको’लाच भाकरीची टोपली पुढं सरकायची. आठवडाभर मी अर्धपोटी उठलो. ते दोन वर्ग पुढं असलेल्या किसनदादांच्या ध्यानात आलं. त्यांनी वाढायची पाळी मागून घेतली. माझ्यापुढं थांबून तीनदा विचारायचे आणि हळूच म्हणायचे, “लाजून राहिला काहून? इथं लाजणारा वाळून जातो, लेकरा.”

मग वसतिगृहाच्या साहेबांचं घड्याळ हरवलं. त्यांनी मला उभं करून विचारलं, तू घेतलंस का? वडीलधारा रागावला की मान खाली घालायची, उलट बोलायचं नाही, एवढंच मला घरून शिकवलेलं. मी मान खाली घातली. साहेब सगळ्यांना म्हणाले, बघा, नजर वर होत नाही. किसनदादा उठले. “साहेब, आमच्याकडं ह्याला अदब म्हणतात. चोर असता तर तुमच्याकडं बघून खोटं बोलला असता.” संध्याकाळी दोघांचीही नावं पटावरून कमी झाली.

घरी परतताना नाक्यावर कारकुनानं गाठोडी सोडायला लावली, तर किसनदादा म्हणाले, “दोन पोरं नेली होती, दोनच वापस आणून राहिलो. जकात कशाची?” मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना मास्तर व्हायचं होतं.

घड्याळ पुढं साहेबांच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. धोब्यानं सांगितलं म्हणून कळलं. साहेबांनी दोन ओळी लिहून आम्हाला परत बोलावलं नाही. आज ते त्याच शाळेचे हेडमास्तर आहेत, लोक वाकून नमस्कार करतात. मरणाच्या लेखात राग नसावा म्हणतात... माझा आहे. किसनदादा तांड्यावर जन्मभर नांगर हाकत गेले, आणि ज्यानं त्यांचं पुस्तक मिटलं त्याला मी माफ करणार नाही.

इथल्या खाणावळीत मी वाढपी आहे. प्रत्येकाला तीनदा विचारतो. गिऱ्हाइकं चिडवतात, मालक ओरडतो, पण ती सवय किसनदादांची आहे, सुटत नाही.

त्यांची लेक रुखमी आता नऊ वर्षांची. त्या शाळेत मुलींना घेतात म्हणे. किसनदादा, तिला मी स्वतः नाका ओलांडून घेऊन जाईन, त्याच साहेबांपुढं उभी करीन. नाव विचारलं की ती त्यांच्या डोळ्यांत बघून आपल्या नावापुढं तुमचं सगळं नाव सांगेल. साहेबांची मान खाली जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही.